दशरथकाका ऐकत होते

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी मला पाहिलं नसेल, तर बरंच आहे. मी श्वास देण्याची रबरी पिशवी आहे. दवाखान्यात मला अंबू बॅग म्हणतात. माणसाचा श्वास बंद पडला, की मला त्याच्या तोंडाशी जोडतात आणि हाताने दाबतात. एक दाब, एक श्वास. कर्जतच्या एका सरकारी दवाखान्यात मी सहा वर्षं हेच काम केलं.

तिथे डॉक्टर अनम आली. मूळची जवळच्याच चौक गावची, तिचे अब्बा इद्रिस तिथे टायरचं दुकान चालवतात. मुंबईत ती एमडी करत होती आणि शिक्षणातले तीन महिने तिला आमच्याकडे पाठवलं होतं. एकदा तिने सुचेता सिस्टरना सांगितलं, की पहिल्या वर्षी एक मूल दगावलं तेव्हा ती जिन्यात बसून रडली होती. तिचा सिनिअर यज्ञेश आला आणि त्याने पुढच्या पेशंटचा केसपेपर तिच्या हातात दिला. तो वाईट नव्हता. चाळीस खाटा होत्या आणि डॉक्टर दोनच. त्यानंतर ती कधी रडली नाही. घरी जेवताना अम्मी काय बोलली, तेही तिला आठवत नसे.

भातकापणीच्या दिवसांत एका सकाळी कडावचे दशरथकाका आले. बांधावर नाग चावला होता. सोबत बायको, आवडी. सलाइनमधून औषध सुरू झालं, पण विष आधीच भिनलं होतं. पापण्या मिटल्या, मान पडली, श्वास थांबला. अनमने घशात नळी घालून मला जोडलं. श्वासाचं मशीन असलेली रुग्णवाहिका दुसऱ्या पेशंटला घेऊन पनवेलला गेली होती.

मला दाबून दाबून स्वतःचे हात भरून आले तेव्हा अनमने आवडीला मला दाबायला शिकवलं. आवडी प्रत्येक दाबाला नवऱ्याशी बोलू लागली. तांबडी गाय दूध चोरतेय, शेजाऱ्यांनी भारे उचलून ठेवलेत, असं काहीबाही.

"मावशी, बोलून उपयोग नाही. त्यांना काही कळत नाहीये," अनम म्हणाली. मग तिथेच उभी राहून सपाट आवाजात तिने सिस्टरना सांगितलं, "संध्याकाळपर्यंत टिकणार नाहीत. कागद तयार ठेवा."

आवडी बोलायची थांबली. मला दाबायची मात्र थांबली नाही.

दुपारी काकांची बोटं हलली. दुसऱ्या दिवशी नळी निघाली. तिसऱ्या दिवशी अनम तपासायला आली, तेव्हा ते बसलेल्या आवाजात म्हणाले, "मॅडम, मी टिकायचा नाय म्हणालात. मी ऐकत व्हतो. पापणी उचलत नव्हती, एवढंच." मग आवडीकडे बघत म्हणाले, "मंग हिनं पण बोलायचं बंद केलं. तवा लय भ्या वाटलं."

नागाच्या विषाने अंग लुळं पडतं, पण शुद्ध राहू शकते. परीक्षेत अनमने हे लिहून मार्क मिळवले होते. ती स्टुलावर बसली.

"माझं चुकलं, काका."

तिचे डोळे कोरडेच होते. काकांनी नुसती मान हलवली.

अनमचे तीन महिने संपायच्या आदल्या दिवशी चौक रस्त्यावरून एका मोटरसायकलवाल्याला आणलं. डोक्याला मार, सोबत कोणी नाही. लायसन्सवर नाव होतं नवनाथ. मला दाबता दाबता अनम त्याच्या कानाशी बोलत राहिली. "नवनाथ, मी डॉक्टर अनम. तुम्ही कर्जतच्या दवाखान्यात आहात. तुमच्या भावाला फोन लागलाय, तो निघालाय."

अर्ध्या तासाने त्याचं हृदय थांबलं. तो ऐकत होता का, मला माहीत नाही. तिलाही नव्हतं. भाऊ येईपर्यंत ती खाटेशेजारी उभी राहिली.

आता माझ्या रबराला चीर गेली आहे आणि मी कपाटात पडून आहे. मित्रांनो, कधी दवाखान्यात कामाला लागलात, तर माझ्यासारख्या पिशवीला दर आठवड्याला दाबून पाहत जा. ऐन वेळी ती फुटकी निघायला नको. आणि तुमच्यापैकी कोणी डॉक्टर झालंच, तर खाटेवरच्या माणसाला आधी आपलं नाव सांगा. आतून काही वाटेनासं झालं असलं, तरी सांगा.