गॅरेजमधला गारवा

माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या, अंगातून झळ आरपार जात नाही, हे आम्हाला या उन्हाळ्यात कळलं. ती गॅरेजच्या दारात चिंचा फोडत बसली होती. अकोल्याचं ऊन, पत्रे तडतडत होते. पण तिच्यामागे फरशीवर तिच्याच आकाराचा गार तुकडा पडला होता. माझ्या बायकोने, शैलाने, त्यावर अनवाणी पाऊल ठेवून पाहिलं आणि मग माझ्याकडे बघितलं.

गॅरेजमध्ये मी सुतारकामासाठी खोली करत होतो. पत्र्यांना आतून लाकडी चौकटी ठोकून झाल्या होत्या. झळ अडवायला चौकटींत काचेची लोकर भरायची, वरून जिप्समचे बोर्ड मारायचे, मग पुट्टी आणि रंग. लोकर एका चौकटीपुरती कमी पडली.

“अक्का आहेत की,” शैला म्हणाली.

अक्काने हात धुतले. “उभी राहू की आडवी होऊ?”

“उभीच राहा.”

नवऱ्याने टाकल्यापासून ती आमच्याकडे होती आणि कुठे बसायचं, कुठे झोपायचं हे विचारूनच करायची. रिकाम्या चौकटीत ती बरोबर मापात बसली. मी बोर्ड लावला. स्क्रू मारताना ती आतून सांगत होती, “जरा डावीकडे घे, दिगू.” मी घेतला.

दुसऱ्या दिवशी तेवढीच भिंत माठासारखी गार होती. बाकीच्या भाजत होत्या. मग आम्ही सगळी लोकर उपसून टाकली आणि अक्काला पसरवलं. पिंजलेल्या कापसासारखी ती पातळ होत गेली. शैलाने तिला कोपऱ्यांत दाबून बसवलं. छतासाठी थोडी ओढावी लागली.

“पुरतेय का रे मी?”

“पुरतेस.”

स्विचबोर्डसाठी भोक पाडलं, तर नेमकं तिथे तिचं तोंड आलं.

“पाणी दे ना.”

“विजेच्या जागी पाणी चालत नाही, अक्का.”

मला वाईट वाटलं. पण वायरी ओढून झाल्या होत्या. त्या तिच्या ओठांवरून घेतल्या आणि बोर्ड बसवून टाकला.

पुट्टी झाली, घासून झालं, मोतिया रंगाचे दोन हात झाले. आत इतकं गार झालं की बोलताना माझ्या तोंडातून वाफ येऊ लागली. मग भिंती आत सरकायला लागल्या. अक्का अंग सैल सोडत होती. कामाचं टेबल आधी एका भिंतीला टेकलं, मग दोन्ही भिंतींना, मग मोडलं.

“शैला, मी बाहेर येतो.”

“थांबा. दारातून झळ येतेय.” तिने दारात एक बोर्ड उभा केला. “तुम्ही आतून धरा. मी बाहेरून स्क्रू मारते.”

बोर्ड धरायला दुसरं माणूस लागतंच. मी धरला. उजेडाची फट बारीक झाली आणि मिटली. स्क्रूंची टोकं माझ्या बोटांच्या मधून एकेक करून आत आली. मागून भिंत पाठीला टेकली. मऊ होती.

“दिगू,” अक्का कानाशी म्हणाली, “पोट आत घे.”