अर्थिंगचा निरोप

गौरी थोरलीच्या घरी बसतात, आणि थोरली मी. रामकृष्णपुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये चौदा वर्षं बसवल्या. पण सत्त्याण्णवला धाकट्या दिरानं गुडगावात फ्लॅट घेतला, जाऊ क्षिप्रानं तिथला धडधाकट ओटा फोडून ग्रॅनाइटचा केला, आणि सासूबाईंनी फर्मान काढलं, "यंदा गौरी तिकडे. जागा ऐसपैस आहे." मी "बरं" म्हटलं. आतून जळून कोळसा झाले.

त्यात वायरिंगला तिनं आमचाच हरिदास नेला. गौरींच्या आठ दिवस आधी तो आमचा पंखा दुरुस्त करायला आला, तेव्हा म्हणाला, "भाभीजी, गुड़गाँव में टाइल वाले ने अर्थिंग का तार काट दिया है। गीज़र का करंट सिंक में आ रहा है। ठेकेदार सुनता नहीं, छोटी भाभी ऑफ़िस में थीं। आप फ़ोन कर दीजिए, गीज़र बंद रखें।"

फोन हाताशीच होता. पण करून क्षिप्राकडून काय ऐकायचं, 'ताईंना आमचा ओटा बघवत नाही'? हे मी स्वतःला सांगितलेलं कारण. खरं म्हणजे त्या ओट्यात खोट आहे हे ऐकून मला फार बरं वाटलं होतं, आणि ते बरं वाटणं मला सोडवेना. स्वयंपाकघरातही रबरी चपला घालून वावरते ती, तिला काय होतंय, म्हटलं.

गौरीजेवणाच्या सकाळी गेले, तर क्षिप्रा न्हाऊन, नऊवारी नेसून, ओल्या पायांनी अनवाणी उभी. सोवळ्याचा स्वयंपाक, चपला बाहेर. गीझरचा लाल दिवा लागलेला.

"ताई, मी कशालाही हात लावलेला नाही," ती म्हणाली. "पुरणाची डाळ तुम्हीच धुवायची. गौरी तुमच्याच आहेत. मी फक्त जागा दिलीय."

डाळीचं पातेलं माझ्या हाती देऊन ती नळ सोडायला वाकली. मी पातेलं टाकून तिचा दंड धरला आणि मागे खेचलं. डाळ फरशीभर झाली.

"मेन बंद कर. सिंकमध्ये करंट आहे."

ती मेन बंद करून आली. "तुम्हाला कसं कळलं?"

"हरिदास म्हणाला."

"कधी?"

खोटं बोलता आलं असतं. "आठ दिवस झाले."

ती खाली बसून डाळ गोळा करू लागली. मी मदतीला वाकले.

"राहू द्या, ताई," ती म्हणाली. "तुम्ही बाहेर बसा. नैवेद्य मी करते."