पोशेऱ्याच्या पानाची गोडी

मित्रांनो, मी एक जुना जिवाणू आहे. लगेच नाकं मुरडू नका. भातावर कडा करपा पडतो, तो माझ्यामुळे. आता पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत, फ्रीजमधल्या काचनळीत पडून असतो आणि घरची आठवण काढतो.

माझं घर मोखाडा तालुक्यातलं पोशेरा गाव. धोंडीबाईच्या खाचरात मी वाढलो. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या वेळी रोपं फार उंच झाली, की ती चिखलात लोळू नयेत म्हणून धोंडीबाई मूठ धरून विळ्याने त्यांचे शेंडे छाटायची. त्या ओल्या जखमेतून मी अलगद पानात शिरायचो. काय तो रस, काय ती साखर! माझी चंगळ व्हायची आणि पानं कडेने पेंढ्यासारखी वाळत जायची. भात पदरात पडायचा नाही. मग दिवाळी झाली की धोंडीबाई घराला कडी घालून वीटभट्टीवर मजुरीला निघायची.

"पोरी, तू येवढी शिकलीस," एकदा ती लेकीला म्हणाली, "मंग सांग ना, माझा भात कशाने जलतो?"

ही लेक म्हणजे प्रतिभा. ती पुण्यात जिवाणूंवरच संशोधन करत होती. तिने करपलेलं पान कागदात गुंडाळलं आणि मीही तिच्याबरोबर निघालो.

प्रयोगशाळेत खाण्यापिण्याची ददात नव्हती. पण साखर मिळाली नाही तर मी रोग करू शकतो का, हे तिला बघायचं होतं. म्हणून तिने जनुकांचा एक इवलासा गोल धागा माझ्यात सोडला. ते तिचं हत्यार. त्याने साखर आत घेणारं माझं जनुक मोडलं. मग कात्री मी असलेल्या पाण्यात बुडवून ती कुंडीतल्या भाताचे शेंडे कापू लागली, आणि कापता कापता एकदम थांबली.

"आयस पण अशेच छाटते," ती पुटपुटली. शेंडे छाटू नको, असं आईला सांगायला दुसऱ्याच दिवशी ती गावी गेली.

मी मात्र पुन्हा भाताच्या पानात होतो! पण भोवती साखरच साखर आणि तोंडात कण जाईना. पान हिरवंच राहिलं. मला फार रडू आलं.

पुढच्या हंगामात प्रतिभाने घरच्या शेतातली पानं तपासायला आणली. माझं कुणीतरी भेटेल म्हणून मी आसुसलो होतो. पानं शेंड्यापर्यंत हिरवीगार होती. त्यांत माझं कुणीच नव्हतं.

"आयस औंदा भट्टीवर नाय गेली," दिवाळीनंतर ती मैत्रिणीला सांगत होती. हसताना तिचे डोळे भरले होते.

मित्रांनो, रोपांचे शेंडे छाटू नका. मला घरची फार ओढ आहे, तरी माझ्यासाठी दार उघडू नका. मी घरी आलो, की धोंडीबाईला घर सोडावं लागतं.