आधी इंजन बंद करा

आमच्या गोजरबाईला, म्हणजे माझ्या बायकोला, एक खोड आहे. दारात आलेल्या माणसाला ती पाणी नाय म्हणत नाय. लग्न होऊन आली तेव्हापासून बघतोय. पाणी होतं तोवर मी हसायचो. पण त्या दुष्काळाच्या साली टँकरची वाट बघून डोळे पांढरे व्हायची पाळी आली आणि ही बया ट्रकवाल्यांना पाणी पाजायला निघाली, तेव्हा माझं टाळकंच फिरलं.

आणि ट्रकवाले तरी कोणते? आमच्याच नातीच्या जिवावर उठलेले!

आमची वस्ती चितेगावच्या अलीकडं. समोरच्या माळावर कंटेनरचं यार्ड झालं. कोरडं बंदर म्हणतात त्याला. समुद्र राहिला कुठल्या कुठं, पण जहाजावर चढणारा माल इथंच पेट्यांत भरायचा, इथंच सील लावायचं. शहर वाढलं, कारखाने वाढले आणि आमच्या वाट्याला धूर आला. ट्रकांची ओळ फाटकापासून पार आमच्या अंगणापर्यंत. ती मुंगीच्या पावलानं सरकायची, म्हणून कुणी इंजन बंद करायचं नाव घेत नव्हतं. दिवसभर आपलं घुर्र घुर्र.

विशाखा, माझ्या प्रणयची लेक, तेव्हा बालवाडीत. तिची छाती वाजायला लागली. डॉक्टर म्हणाले, धूर थांबवा, नायतर पोरीला तिथून हलवा. प्रणयनं मुकुंदवाडीत खोली बघितली. "आबा, रविवारी टेम्पो आणतो," म्हणाला. पण रोज सकाळी माझ्या मिशा ओढल्याबिगर जिच्या घशाखाली दूध उतरत नाय, ती पोर गेली तर या घरात राहायचं कुणी आणि कशाला?

मी तडक यार्डात गेलो. तिथले मॅनेजर हिमांशू साहेब, पोरगा तसा लाघवी. नातीच्या छातीचं सांगितलं आणि दोन गोष्टी मागितल्या. ट्रक आत उभे करा. आणि तुमच्या सिमेंटनं आमच्या विहिरीला पाणी देणारा ओहोळ बुजवलाय, तर तुमच्या शेडच्या पत्र्यावरचं पावसाचं पाणी तरी आमच्या विहिरीत सोडा. "वर कळवतो, काका," म्हणाले. वर म्हणजे कुठं, कुणास ठाऊक!

त्याच तावात परत आलो आणि दारातल्या ट्रकवाल्याला धरलं. सांडू त्याचं नाव, अजिंठ्याकडचा. त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. तो बिचारा खाली मान घालून ऐकत होता. तेवढ्यात गोजर तांब्या घेऊन आली.

"अगं, काय करतीस? आपल्याच नरड्याला कोरड पडलीय!"

"जयंतीला माइकवर चवदार तळ्याचं भाषण ठोकता," ती म्हणाली, "अन् दारातनं तान्हेला मानूस हाकलता व्हय? पाण्यापायी आपल्या मानसांनी काय सोसलं, इसरला का?"

मग ती सांडूकडं वळली. "पी बाळा. पर आधी इंजन बंद कर. आत माझी नात हाय, तिला दम लागतो."

सांडूनं मुकाट चावी फिरवली.

दुसऱ्या दिवशी गोजरनं लिंबाखाली रांजण मांडला, त्याला ओलं फडकं गुंडाळलं. अट एकच, इंजन बंद, मग पाणी. एकानं दुसऱ्याला सांगितलं. ड्रायव्हर पुढं मोकळी जागा ठेवून थांबायला लागले, चार-सहा गाड्या फाटकातून आत गेल्या की एकदमच पुढं सरकायचे. विशाखाची छाती जरा निवली.

"रांजण आटला की पुन्हा तेच, आबा," प्रणय म्हणाला. खोटं कुठं होतं ते? शनिवारी टँकर आलाच नाय.

रविवारी गोजरनं रिकामा रांजण पालथा घातला. टेम्पो दारात लागला, प्रणयनं गादी चढवली. विशाखा माझ्या गळ्यात हात टाकून बसली ती सोडेचना. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू?

तेवढ्यात ट्रकांची ओळ आली. पुढं सांडूच. गोजरनं त्याच्यापुढं हात जोडले. "बाळा, आज पाणी नाय रं."

एवढ्या संसारात हा शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

सांडूनं तरी इंजन बंद केलं. मग त्याच्या मागच्यानं, मग त्याच्याही मागच्यानं. सांडू केबिनमधून कॅन घेऊन उतरला. "मावशी, प्यायला नाय, रांजण भरायला आलोय. जाताना रांजणाचा तळ दिसला, म्हणून बंदरावरनं येताना इगतपुरीला भरून घेतलं. सगळ्यांनीच आणलंय."

मी रांजण सरळ केला. गोजरनं पहिला गिलास माझ्याच हातात दिला. "द्या त्याला. अन् शिव्या परत घ्या." दिला बाबा, आणि घेतल्या.

ओळ एवढी गप्प का, ते बघायला हिमांशू साहेब कारमधून आले. घामानं निथळत उतरले. "मावशी, मलाही द्या घोटभर."

माझ्या कडेवरनं विशाखा ओरडली, "आधी इंजन बंद करा!"

ड्रायव्हर खो खो हसले. एसीपायी साहेबांची कार चालूच होती. साहेब कानापर्यंत लाल झाले, माघारी गेले, चावी काढून आले. पाणी प्यायले आणि पोरीकडं बघत राहिले.

"हीच का ती, काका?"

"हीच."

"भिंतीलगतची जागा रिकामीच पडलीय," साहेब हळूच म्हणाले. "उद्यापासून ट्रक आत थांबतील. त्याला मला वर विचारायची गरजच नव्हती. पत्र्याच्या पाण्याचं मात्र विचारावं लागेल."

"विचारा," मी म्हणालो. "पाऊस यायच्या आत विचारा."

प्रणयनं टेम्पोवरची दोरी सोडली आणि गादी खाली घेतली. मी विशाखाला उराशी धरलं, तिनं लगेच मिशी ओढली.

"अरं प्रणय, गादी ऱ्हाऊ दे," गोजर ओरडली. "त्या टेम्पोवाल्याला आधी पाणी दे!"