खालच्या मजल्यावर जायचं नाही

"एवढ्या वर्षांत कधी चहाला बस म्हणाला नाही, आणि आज बकरा कापतोय."

नूरुद्दीन हे कुणाला सांगत नव्हता. स्टिअरिंग घट्ट धरून, समोर बघत, स्वतःशीच पुटपुटत होता. पण गाडी लहान, आणि बायकोचे कान पहिल्यापासून तिखट. इस्मतने ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवलं. मांडीवर सांदणांचा डबा होता, त्यावरचा फडका तिने उगाच नीट केला. सकाळी पहिला घाणा तिने साखर न घालताच उकडला होता. लग्नानंतर असं पहिल्यांदाच झालं.

कफीलकडे, म्हणजे नूरुद्दीनला या देशात ठेवून घेणाऱ्या मालकाकडे, जुम्म्याचं जेवण. अबू तल्हाने फोन करून फक्त एवढंच सांगितलं होतं, की बायकोलाही आण. का, ते सांगितलं नाही. का, ते या दोघांनी एकमेकांना विचारलं नाही. कारण दोघांना ते माहीत होतं, निदान तसं त्यांना वाटत होतं.

जेद्दाच्या अझीझियात अबू तल्हाचं ट्रॅव्हल ऑफिस होतं आणि त्याच्या काउंटरवर नूरुद्दीन, ऑफिस उघडलं त्या दिवसापासून. बाणकोट खाडीकडचा माणूस. रत्नागिरी-रायगडची निम्मी मंडळी त्याच्याकडूनच सुट्टीचं तिकीट काढायची, आणि जाता जाता विचारायची, नूरुद्दीनभाई, चार दिवस बायकापोरांना कुठे फिरवू, स्वस्तात? त्यावर त्याचं ठरलेलं उत्तर होतं. जिथे जुगार चालतो ते हॉटेल बघायचं. तिथे खोली स्वस्त, गादी मऊ, आणि बुफे असा की माणूस ताट घेऊन कुठून सुरुवात करू म्हणून उभाच राहील. त्यांना आपल्या खोलीभाड्याची पर्वा नसते. खाली यंत्रांवर आपण खिसा रिकामा करू, या भरवशावर ते वर जेवू घालतात. मग आपण काय करायचं? वर झोपायचं, पोटभर खायचं आणि घरी यायचं. खालच्या मजल्यावर जायचं नाही.

एकदा सुट्टीत गोव्याला त्याने इस्मतला आणि लेक शबनमला अशाच ठिकाणी नेलं होतं. तेव्हा इस्मतला कळलं, की सल्ला चांगला असला तरी हॉटेलवालेही काही दूधखुळे नसतात. जेवणाचा हॉल त्यांनी मुद्दाम यंत्रांच्या पलीकडे ठेवला होता. ती किणकिणणारी, डोळे मिचकावणारी यंत्रं ओलांडल्याशिवाय ताट हातात पडत नसे. इस्मत तीनही दिवस मान खाली घालून, शबनमच्या डोळ्यांवर पदर धरून, माफीचा इस्तिगफार पुटपुटत जेवायला गेली. आणि कोलंबी मात्र दोनदा वाढून घेतली. मान खाली असल्यामुळे तिला तिथलं एकच लक्षात राहिलं, तो गालिचा. लाल, त्यावर सोनेरी वेटोळी, बघून चक्कर यावी असा.

तोच गालिचा तिला मागच्या महिन्यात पुन्हा दिसला. अबू तल्हा आपलं कुटुंब घेऊन जॉर्जियाला गेला होता, काळ्या समुद्रावर. त्याच्या बायकोने, उम्म तल्हाने, इस्मतच्या फोनवर फोटो पाठवला. व्हीलचेअरवर तिची सासू, हाजरा खाला, मांडीवर ताट. खाली लाल गालिचा, सोनेरी वेटोळी. आणि खालाच्या खांद्यामागे ओळीने दिवे, चेरी, घंटा, सातचे आकडे.

इस्मतने फोन नवऱ्यापुढे धरला. तो खाली बसला. ही सहल त्यानेच ठरवून दिली होती. मालकाने तीन हॉटेलं नाकारली होती, आणखी स्वस्त दाखव, आईला जेवण चांगलं पाहिजे, म्हणत होता. दिवसभर पाठीला लागल्यावर नूरुद्दीनने सवयीने हात घातला तो नेहमीच्या यादीत. जुगार शेजारच्या इमारतीत आहे, असं त्याला वाटलं होतं. कोकणातल्या माणसाला त्याने सांगितलं असतं, खाली जाऊ नका. मालकाला कसं सांगणार?

आता या देशात, मक्केपासून तासाभराच्या गावात, कफीलच्या हज केलेल्या आईला दिवसातून तीनदा जुगारखान्यातून ढकलत नेण्याची व्यवस्था करणाऱ्या परदेशी कारकुनाचं काय होतं, हे त्या दोघांना ठाऊक नव्हतं. ठाऊक नव्हतं म्हणूनच झोप उडाली होती. इकामा, इथे राहायचा परवाना, महिनाभरात संपत होता. कफीलने तो पुढे चालू केला तर राहायचं, नाही तर फायनल एक्झिटचा शिक्का. शबनमची बारावी नुकती सुरू झालेली. इस्मतचं सगळं मागणं एका वर्षाचं होतं. पोरीची परीक्षा होऊ दे, मग कुठेही पाठव.

बाकी बाहेर काय चाललंय ते न बोलताच दिसत होतं. आधी मोबाइलच्या दुकानांतली आपली माणसं गेली, मग गाड्यांच्या, कपड्यांच्या. प्रत्येक काउंटरमागे आता सौदी पोरगा पाहिजे, असा सरकारचा नियम. बिल्डिंगच्या जिन्याखाली दर शुक्रवारी गावी परत निघालेल्या कुणाचा तरी सोफा विकायला ठेवलेला असे. इस्मत त्या सोफ्यांकडे बघत नसे. घरात त्यावर बोलायचं नाही, असं कुणी न ठरवता ठरलं होतं.

घर आलं. अबू तल्हा दारात उभा होता. त्याने नूरुद्दीनला खांद्याला धरून आत नेलं. तो ओरडला नाही, हेच इस्मतला खटकलं. नूरुद्दीनने एकदा वळून बघितलं, बैठकीचं दार लागलं.

बायकांच्या खोलीत उम्म तल्हाने तिला मिठी मारली, गालाला गाल लावले, डबा दोन्ही हातांनी घेतला. सांदणं जाळीदार झाली होती, तिने एक लगेच तोंडात टाकलं. खाला भिंतीशी उशांना टेकून बसली होती. तिने हात पुढे केला तो इस्मतने डोक्याला लावला. तो हात थंड होता की आपलंच कपाळ तापलंय, तिला कळेना.

खजूर आले, अरबी कॉफीचा कावा आला, मग जमिनीवर प्लास्टिकचा सुफरा पसरून मोठं ताट आलं, सलीगचं. दुधात शिजवलेला मऊ पांढरा भात, वर अख्खा बकरा. उम्म तल्हा मांडीचा भाग तोडून तोडून इस्मतपुढे ठेवत राहिली. भिंतीपलीकडे पुरुषांचे आवाज होते. इस्मत एक कान तिकडे ठेवून चावत होती. तल्हा, मालकाचा मुलगा, हसला ते ऐकू आलं. नूरुद्दीन या पोराला गेले काही महिने शेजारी बसवून काम शिकवत होता, आणि घरी येऊन कौतुकाने सांगायचा, डोकं चांगलं आहे पोराचं, हात लवकर बसला. मग पलीकडे एकदम शांत झालं. इस्मतने घास ताटातच ठेवला.

"खा ना," उम्म तल्हा म्हणाली आणि आणखी मांस ठेवलं. मग बोलायला काही हवं म्हणून सहलीवर आली. समुद्र छान, हवा छान. खालाने मान डोलवली आणि जेवणाचं सांगू लागली. तिथे होडीच्या आकाराचा पाव मिळतो, मधे वितळलेलं चीज आणि अंडं. तसला पाव तिने सत्तर वर्षांत खाल्ला नव्हता. रोज दोन खायची. आणि जाताना वाटेत ते दिवे—

उम्म तल्हाने लिंबू पुढे केलं. लिंबू घे, इस्मत. शबनमचा अभ्यास कसा आहे?

इस्मतने सांगितलं, चांगला आहे. विचारताना उम्म तल्हा तिच्याकडे बघत नव्हती, हे तिच्या ध्यानात आलं. दिवे म्हटल्यावर विषय बदलतात, म्हणजे कळलंय. कळून जेवू घालतायत. यात काय अर्थ लावायचा? एकदा तिला वाटलं, आपणच पाया पडावं आणि सांगावं, चूक झाली, पण मनात खोट नव्हती. तोंड उघडलं आणि त्यात भातच घातला.

सुफरा उचलला. हात धुतले. चहा झाला. मग उम्म तल्हा निखाऱ्यावर ऊद ठेवून धूपदाणी घेऊन आली. सौदी घरांतला रिवाज इस्मतला इतक्या वर्षांत पाठ झाला होता. ऊद फिरला की पाहुण्याने उठायचं, त्यानंतर बोलणं नाही. म्हणजे झालं. कुणी काही बोललं नाही. तिने दुपट्ट्याखाली धूर घेतला. सुटलो की काय? भिंतीपलीकडून नूरुद्दीनचा खोकला ऐकू आला, तोही उठत असावा. तिने पर्स उचलली आणि निरोपाला खालापुढे वाकली.

खालाने तिचं मनगट धरलं. म्हातारीच्या बोटांत जोर होता.

"बस," ती म्हणाली.

"खाला, ऊद फिरला," उम्म तल्हा हळूच म्हणाली.

"फिरू दे. तुम्हा कुणाच्याने होत नाही." खाला इस्मतकडे वळली. "त्या हॉटेलात जुगार होता, मला दिसत नव्हता का? खुर्चीतून गेले, डोळे मिटून नव्हे. माझ्या लेकालाही पहिल्या दिवशी कळलं. पण जेवण फुकटात होतं, तर तोही गप्प जेवला. त्याचा राग नाही कुणाला. तुम्ही दोघं त्यालाच घाबरलायत ना?"

इस्मत पर्स घेऊन परत खाली बसली.

"मग आता ते सोड. तल्हा तुझ्या नवऱ्याच्या खुर्चीवर बसणार आहे, पुढल्या महिन्यापासून. इकामा पुढे चालू होणार नाही. हे सांगायला तुम्हाला बोलावलं आणि सकाळपासून नुसतं वाढतायत. तिकडे माझा लेकही बोलला नसेल, नुसतं मांस वाढत बसला असेल. तुम्हाला घरी जावं लागणार, मुली."