उयगा केतामान

हरणाबाईला एका जागी बसवत नव्हतं. चूल पेटवली की उठ, कोकरू पाजलं की उठ. भाकरीसुद्धा ती एक गुडघा टेकून, अर्धी उभी असल्यासारखी थापायची. आणि थापता थापता पुटपुटायची, "उयगा केतामान, उयगा केतामान."

"मंतर म्हणतीस का काय गं?" तिची जाऊ बायडाबाई विचारायची.

"उझबेक हाय त्ये. म्हंजे, मी घरी जाते."

"आन् मराठीत म्हणून बघितलंस का कवा? कोण पाठवतंय ते!"

यावर मेंढरांच्या तळावरच्या सगळ्या बाया हसल्या. हसण्यासारखंच होतं. दिवाळी झाली की आटपाडीकडून मेंढरं घेऊन निघायचं, कराडच्या आसपास ऊस तुटलेल्या रानांत खतासाठी बसवायची, पाऊस तोंडावर आला की परतायचं. कुठं उतरायचं, कधी हलायचं हे पुरुष ठरवणार. बायांनी बिऱ्हाड बांधायचं, घोड्यावर चढवायचं आणि पुढच्या रानात उतरवायचं. वीस वर्षं हरणाबाईनं हेच केलं. बाळंतपणानंतर बाराव्या दिवशीसुद्धा बोचकं उचललं. त्याबद्दल कुणी तिचा सत्कार केला नाही.

सत्कार लेकीचा झाला. राणी समरकंदला डॉक्टरकी शिकत होती, तिसऱ्या वर्षाला. गावच्या वेशीत तिचा फ्लेक्स लागला. तिचा बाप जोतीराम ज्याच्या रानात उतरेल त्याला रामराम घालायच्या आधी सांगायचा, "आमची पोरगी डाक्टर हाय."

यंदापासून राणीला वॉर्डात रोग्यांशी त्यांच्या भाषेत बोलावं लागायचं. सराव करायला तिनं आईला धरलं. दुपारी पुरुष मेंढरं घेऊन गेले की तिचा फोन यायचा. तिकडचं घड्याळ इकडच्यापेक्षा अर्धाच तास मागं, याचं हरणाबाईला लय नवल. एवढी लांब गेली आन् अर्धाच तास!

"आये, तू रोगी, मी डाक्टर. हितले रोगी पयल्या दिसापास्न एकच म्हणत्यात, उयगा केतामान. मी घरी जाते. मग आमी म्हणायचं, हली एमास. म्हंजे अजून न्हाई."

"म्हंजे आमच्या तळासारखंच की गं."

राणी खळखळून हसली. मग आवाज जड करून म्हणाली, "कायेरिंगिझ ओगरियाप्ती? कुठं दुखतंय?"

पहिल्या दिवशी हरणाबाईनं पोट दुखवलं. दुसऱ्या दिवशी गुडघा. तिसऱ्या दिवशी दात, तोही कसा ठणकतोय ते कण्हून कण्हून ऐकवलं. लेक हसायची आणि वहीत लिहून घ्यायची.

चौथ्या दिवशी हरणाबाई तळापासून लांब, पाटाच्या कडेला गेली. इकडं तिकडं बघितलं.

"कुठं दुखतंय?"

"दुखत न्हाई. अंग बाहीर येतंय."

"काय?"

"खालनं. वजन उचललं की अंग बाहीर येतंय. हातानं आत ढकलावं लागतंय. बसलं की टोचतंय, मुतायला गेलं की आग हुतीया."

"आये, भारी! ह्यो रोग कुठनं काढलास?" राणी लिहीत होती. "किती दिसापास्न?"

"तीन वर्सं."

लिहायचं थांबलं.

"आये, ह्ये खोटं खोटं का खरं?"

हरणाबाईनं पाटातल्या पाण्यात एक ढेकूळ टाकलं. "तू डाक्टर हायस न्हवं? मग तूच सांग."

"दादांस्नी म्हाईत हाय?"

"कंबर धरलीया, एवढंच सांगितलं हुतं तुज्या बापाला. तळ हलला की दवाखान्यात जाऊ म्हणले. त्याला अकरा तळ झाले." मग तिचा आवाज चढला. "आन् अंग म्हणून कसं सांगायचं गं पुरुषाला? मेंढीचं अंग बाहीर आलं तर अर्ध्या रातीला डाक्टर आणत्यात. तवा कुणाला लाज वाटत न्हाई!"

राणी रडत होती का चिडली होती, फोनवर कळेना. म्हणाली, "वज्याला हात लावू नगंस. मिरजंला जा. उद्याच."

दुसऱ्या दिवशी नेमका तळ हलायचा होता. घोडी उभी, मेंढरं कोंडायच्या जाळ्या, वाघरा, गुंडाळलेल्या, मेंढरं रस्त्याला लागलेली. पिठाच्या पोत्याजवळ हरणाबाई हात बांधून उभी.

"उचल की," जोतीराम म्हणाला.

"उयगा केतामान."

"सकाळ सकाळ काय लावलंईस ह्ये?"

"मी जाते म्हणतीया. मिरजंला, दवाखान्यात. अंग बाहीर पडतंय माजं, तीन वर्सं. आता उचलणार न्हाई."

ती हे हळू म्हणाली नाही. घोड्याचा दोर धरलेल्या दिरानं ऐकलं, शेतमालकानं ऐकलं. जोतीरामनं मान खाली घातली. बायको पडायला आली त्याची नाही, चार माणसांत अंगाचं नाव निघालं याची त्याला लाज वाटली. बायडाबाईनं मात्र डोक्यावरचं गाठोडं दाणकन खाली टाकलं. "चल, मी येते संगं. माजंबी दाखवायचं हाय," ती म्हणाली.

दोघी पायवाटेनं हायवेला लागल्या.

मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, गर्भपिशवी खाली उतरलीय म्हणाल्या आणि ऑपरेशन सांगितलं. "आता परत वजन उचलायचं नाही," म्हणाल्या. बायडाबाईचा रोग सुरुवातीचाच निघाला. खाटेवर हरणाबाईचा जीव लागेना. कोकरांना कोण पाजत असेल, चूल कोण मांडत असेल. उठून दारापर्यंत जायची, परत यायची. शेवटी तिनं लेकीला फोन लावला.

"राणे, उयगा केतामान गं."

"हली एमास," राणी म्हणाली. हा सराव नव्हता.

ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी जोतीराम आला. बायकांच्या वॉर्डात आत सोडेनात म्हणून दारातच पटका काढून उभा राहिला. एकटाच आला होता, खांद्यावर पोत्याचं पीठ तसंच सांडलेलं.

"तळ अडून ऱ्हायलाय," तो म्हणाला. "घरी कवा येतीस?"

हरणाबाई कुशीवर वळली.

"हली एमास."

"म्हंजे?"

"तुमच्या डाक्टर पोरीला इचारा," हरणाबाई म्हणाली, आणि तिनं चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली.