बाहेरून बसलेली कडी

मी एक जुनी कडी आहे. लोखंडाची, वीतभर लांब, सरकवायची. तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात आतल्या खोलीच्या दाराला मी बसले आहे. आजवर तीनदा माझ्यावर रंगाचा हात फिरला, दर वेळी दाराबरोबरच आणि मला न विचारता. मित्रांनो, कडीच्या आयुष्यात सांगण्यासारखं काय असणार, असं तुम्हाला वाटेल. पुढे सरकायचं, मागे सरकायचं, संपलं. पण माझं थोडं वेगळं झालं.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथून मी एका दुकानाच्या खणात आले. खणात आम्ही शंभरेक जणी होतो आणि एकच विषय चघळत बसायचो, कुणाला कुठलं दार मिळणार. सगळ्यांना घराचं मुख्य दार हवं असे. मला मात्र एका अभ्यास करणाऱ्या मुलीसाठी विकत घेतलं गेलं. तिच्या बाबांनी दुकानदाराला तसं सांगताना मी ऐकलं आणि मनातल्या मनात फुलून गेले. मुलगी आतून कडी लावणार, निवांत वाचणार आणि तिच्या निवांतपणाची राखण मी करणार.

बाबा बसच्या आगारात वेळापत्रकं तयार करत. गावभरच्या बस वेळेवर सुटाव्यात म्हणून जिवाचं रान करणारा हा माणूस घरातली गोष्ट मात्र वेळेवर बोलेल तर शपथ. सुतार आला, दार घासायचं होतं म्हणून त्याने ते बिजागऱ्यांतून उतरवून जिन्यात नेलं आणि तिथेच मला ठोकून टाकलं. दार परत बसवल्यावर कळलं की बाजू चुकली. मी आत असायला हवी होते, ती बाहेर आले.

सुतार डोकं खाजवत म्हणाला, "काढून देतो, पण भोकं दिसतील हो."

"राहू दे," बाबा म्हणाले.

हे दोन शब्द त्या घरात मी इतक्यांदा ऐकले की मोजदाद ठेवली नाही. बाबांचा सगळा संसारच या दोन शब्दांवर चालला होता.

आता आईबद्दल सांगते. ती फोटोंना काच आणि चौकट बसवून देणाऱ्या दुकानात काम करत असे. हात असा हलका की काचेला ओरखडा उठत नसे. घरात हसणं यायचं ते तिच्यामुळे. लेकीला ती 'राणी' म्हणायची, तिच्या केसांतून हात फिरवायची, बाबांच्या चालण्याची नक्कल करून दोघांना हसवून लोळवायची. मला ती फार आवडायची. अजूनही आवडते.

पण कुणी घराबाहेर पडायला निघालं की तिचा चेहरा बदलायचा. बाबांना दहा मिनिटं उशीर झाला, लेक मैत्रिणीकडे रेंगाळली, कुणी फोन उचलला नाही, की त्या क्षणी ते माणूस तिच्या लेखी वाईट ठरायचं. थोडं वाईट नाही, पार वाईट. सकाळची राणी दुपारी 'परकी' व्हायची. ताटली फुटायची, मग रडणं, मग "मी मरून गेले तर सुटाल सगळे." आणि तासाभराने तीच आई लेकीला कवटाळून विचारायची, "मी वाईट आहे का गं?" खरं तर रडायची वेळ लेकीची, पण समजूत लेकीलाच घालावी लागायची. बाबा म्हणायचे, राहू दे, आईचा स्वभाव आहे.

घरात एक नियम आपोआप तयार झाला होता. निघताना 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं. तसं ते सगळीकडेच म्हणतात. पण इथे ते नुसतं बोलणं नव्हतं, ती परवानगी होती. लेकीने "येते" म्हणायचं, आईने "ये" म्हणायचं, मग पायात चप्पल. आईने "ये" म्हटलं नाही तर पुन्हा म्हणायचं. कधी कधी लेक जिन्यावरून तीन-तीनदा परत यायची.

लेक प्रयोगशाळेतलं तपासणीचं काम शिकत होती. शेवटच्या प्रात्यक्षिक परीक्षेचा दिवस उजाडला. साडेनऊला हजर व्हायचं होतं, चुकलं तर थेट पुढच्या वर्षी. घाईघाईत ती म्हणाली, "आई, जाते गं," आणि ओळखपत्र राहिलं म्हणून खोलीत परत धावली. तेवढ्यात आईचा हात माझ्यावर आला.

मी सरकले. मला नको होतं, पण कडीच्या नको म्हणण्याला कोण विचारतं?

आई दाराला पाठ लावून खाली बसली. "जाते म्हणाली," एवढंच पुन्हा पुन्हा पुटपुटत होती. आतून लेकीने दार वाजवलं. आधी हळू, मग दोन्ही मुठींनी. तिचा फोन बाहेर टेबलावर होता.

बाबा बूट घालून उभे होते. आईला जरा बाजूला करून हात लांब केला असता तर मी उघडले असते.

"उघडलंत तर तुम्हीही चालते व्हा," आई म्हणाली.

बाबा दाराजवळ वाकले आणि आतल्या लेकीला म्हणाले, "जरा वेळ राहू दे, बाळा. आई शांत झाली की उघडतो."

"बाबा, माझी परीक्षा आहे."

बाबांनी घड्याळ पाहिलं आणि पायातले बूट काढले. लेक पुढे दार वाजवायचीही थांबली. मित्रांनो, त्या शांततेची मला आजही लाज वाटते. त्या घरात आम्ही चौघंही कोंडलेले होतो. लेक माझ्यामुळे, आई तिच्या भीतीमुळे, बाबा त्यांच्या दोन शब्दांमुळे. आणि मी चार स्क्रूंमुळे.

आईने पावणेबाराला स्वतःच मला उघडलं आणि लेकीच्या पाया पडू लागली. या वेळी लेकीने समजूत घातली नाही. ती बाबांकडे वळून शांतपणे म्हणाली, "आई आजारी आहे असं मला वाटतं, बाबा. तुमचं काय आहे ते मात्र कळत नाही."

दुसऱ्या दिवशी ती आत्याकडे राहायला गेली. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी राहू दिलं नाही. ते एकटेच मनाच्या आजारांवर उपचार करणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि आठवडाभराने आईला घेऊन गेले. तिथं काय झालं ते मला याच दारापाशी, त्यांच्या फोनवरच्या बोलण्यातून कळलं. बाबा आत्याला सांगत होते, "व्यक्तिमत्त्वाचा विकार म्हणाल्या. नाटक नाही, हट्ट नाही. माणूस नजरेआड झालं की कायमचं गेलं, असं तिला खरंच वाटतं. पण म्हणाल्या, आजार खरा असला तरी पोरीला कोंडणं चूकच. दोन्ही खरं आहे, आणि तुम्हाला दोन्ही एकदम धरावं लागेल."

गोळीने जादू व्हावी तसं काही झालं नाही. पहिल्या भेटीनंतर डॉक्टरीणबाई आईच्या तोंडी देवमाणूस होत्या, तिसऱ्या भेटीनंतर बनेल बाई. चार महिने आई गेलीच नाही. मग पुन्हा जाऊ लागली. राग चढताना तो ओळखायचा, त्याला नाव द्यायचं, अंगात थोपवून धरायचं, असं काहीबाही ती शिकत होती. एकदा बाबा स्क्रूड्रायव्हर घेऊन माझ्याकडे आले. माझे स्क्रू इतके गंजले होते की एकही हलेना. शेवटी त्यांनी चौकटीवरचा माझा कोयंडा उखडून काढला. म्हणजे मी आहे, पण अडकायला जागा नाही. इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

लेकीने पुढच्या वर्षी परीक्षा दिली, पास झाली, दुसऱ्या गावी नोकरीला लागली. दोन वर्षांनी, गेल्या रविवारी, ती पहिल्यांदा इथे राहायला आली. जेवणानंतर खोलीत जाऊन तिने दार लोटून घेतलं आणि फोनवर कुणाशी तरी हसत बोलू लागली.

आई आली. तिचा हात माझ्यावर पडला आणि माझं लोखंड गार झालं. मग तिने हात उचलला आणि दारावर टकटक केलं. एवढ्या वर्षांत त्या दारावर बाहेरून झालेली ती पहिली टकटक.

"आत येऊ का गं?"

आतलं फोनवरचं बोलणं थांबलं. मग लेक म्हणाली, "आत्ता नको, आई. अर्ध्या तासाने."

मित्रांनो, तुमच्याही घरात असं एखादं माणूस असेल. त्याला वेडं म्हणू नका, चिडवू नका. पण ते तुम्हाला दुखवत असेल तर आपल्याच माणसाची गोष्ट म्हणून गिळूनही टाकू नका. कुणातरी मोठ्याला सांगा, आणि पहिला मोठा 'राहू दे' म्हणाला तर दुसऱ्याला सांगा. आमच्या घरात कुणी वेळेवर सांगितलं असतं तर एका मुलीचं एक वर्ष वाचलं असतं आणि एका बाईची कितीतरी वर्षं.

आई दारासमोर तशीच उभी होती. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते, श्वास जोरात चालला होता. 'परकी' हा शब्द तिच्या अगदी जिभेवर आलेला मला दिसत होता.

"बरं," ती म्हणाली, आणि स्वयंपाकघरात निघून गेली.